कुंभारीण आणि विमानाची नळी

खिडकीच्या कोपऱ्यात, प्लगच्या भोकात, कुलपात किल्ली घालायच्या जागी ओल्या मातीचे घर बांधणारी कुंभारीण आपल्या भगिनींना नवी नाही. खराट्याच्या काडीने माती उकरून काढली की घरात तो विषय संपतो. विमानाच्या बाबतीत मात्र हीच माती माणसांच्या जिवावर बेतते. ते कसे, हे या वेळी पाहू.

विमानाचा वेग मोजायला चाकांचा उपयोग नसतो, कारण आकाशात रस्ता नाही. म्हणून पंखाखाली किंवा नाकाजवळ समोर तोंड असलेली एक बारीक नळी बसवतात. हेन्री पितो या फ्रेंच इंजिनियरने १७३२ मध्ये अशी नळी वापरून पॅरिसच्या सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजला होता. त्याच्याच नावाने ती ओळखली जाते. समोरचा वारा तिच्यात जितक्या जोराने घुसतो, तितका वेग जास्त. याशिवाय विमानाच्या अंगावर, बाजूला, सुईने टोचल्यासारखी छिद्रे असतात. त्यांना बाहेरच्या शांत हवेचा दाब कळतो आणि त्यावरून उंची समजते. वेगाचा आकडा या दोन दाबांच्या फरकातून निघतो. एवढ्याशा भोकांवर एवढा मोठा कारभार!

आता नळी मातीने बंद झाली तर काटा शून्यावर बसेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले तर बरेच म्हणायचे. वैमानिकाला बिघाड लगेच कळतो. पण आतली हवा कोंडली गेली असेल, तर विमान वर चढताना बाहेरचा दाब घटतो, आतला तसाच राहतो आणि काटा वाढतच जातो. म्हणजे यंत्र गप्प बसत नाही, खोटे बोलते.

६ फेब्रुवारी १९९६ च्या रात्री डॉमिनिकन रिपब्लिकमधील पुएर्तो प्लाता येथून बर्गनएअर या तुर्की कंपनीचे बोइंग ७५७ जर्मनीला निघाले. ते जवळपास तीन आठवडे जमिनीवर उभे होते आणि उड्डाणाआधीचे काही दिवस तरी नळ्यांना टोपणे नव्हती. धावपट्टीवरच कप्तानाच्या लक्षात आले की आपला वेगदर्शक चालत नाही. तरीही उड्डाण थांबवले नाही. वर गेल्यावर तो काटा हलू लागला आणि भलताच जास्त वेग दाखवू लागला. स्वयंचलित यंत्रणा कप्तानाच्याच आकड्यावर चालत होती, तिने वेग कमी करायला नाक वर उचलले. एकीकडे ‘वेग फार झाला’ अशी सूचना, दुसरीकडे ‘वेग फार कमी’ म्हणून थरथरणारी दांडी. सहवैमानिकासमोरचा काटा बरोबर होता, पण त्या गोंधळात त्याच्यावर भरवसा कोणी ठेवला नाही. विमान समुद्रात कोसळले आणि १८९ जण गेले. त्या नळ्या समुद्रातून वर काढता आल्या नाहीत. पण त्या भागातल्या मातीच्या गांधीलमाशीनेच नळी बुजवली असावी, असे तपासात मानले गेले.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूची राजधानी लिमा येथे एअरोपेरूचे विमान पडले. ७० जणांचा जीव गेला. तिथे माशी नव्हती. विमान धुताना बाजूच्या छिद्रांत पाणी जाऊ नये म्हणून चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. अंधाऱ्या समुद्रावर वैमानिक नियंत्रकाला उंची विचारत होते आणि नियंत्रक सांगतही होता. पण त्याच्या पडद्यावरचा आकडा त्याच विमानाकडून येत होता, म्हणून तोही खोटा! विमान पाण्याला टेकले तेव्हा उंची सुमारे ९,७०० फूट दिसत होती.

म्हणजे टोपण न घालणे धोक्याचे आणि घातलेले न काढणेही धोक्याचे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनने दोन्ही पाहिले. तिथे परदेशातून आलेली एक गांधीलमाशी आहे, तिला ‘किल्लीच्या भोकातली माशी’ म्हणतात. संशोधकांनी नळ्यांच्या नकला करून विमानतळावर ठेवल्या, तर ३९ महिन्यांत ९३ वेळा त्या पूर्ण बुजलेल्या सापडल्या. माशीच्या भीतीने तिथे टोपणे घालू लागले आणि जुलै २०१८ मध्ये मलेशियाचे एक मोठे विमान तिन्ही टोपणांसकट उडाले. ते सुखरूप परतले, हे नशीब.

लहान विमानाची, म्हणजे शिकाऊ मुले चालवतात त्या चार आसनांच्या सेस्नासारख्या विमानाची, आणखी एक नाजूक जागा आहे: पेट्रोलच्या टाकीत हवा घेणारी नळी. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत येते, म्हणून आपण दुसरे पाडतो. टाकीचेही तसेच. हवेची वाट मातीने बुजली तर टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते. पावसाचा त्रास वेगळा. टाकीच्या झाकणाचे रबर झिजले की पाणी आत झिरपते आणि जड असल्यामुळे तळाशी बसते. म्हणून उड्डाणाआधी तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहतात. या विमानांचे नेहमीचे पेट्रोल निळसर असते. पेल्यात दोन थर दिसले तर पाणी आहे हे उघड. पण सगळा पेलाच पाण्याचा असेल तर थर कुठून दिसणार? तिथे रंगच पाहावा लागतो.

इलाज स्वस्त आहे. नळीला कापडी टोपण आणि त्याला लोंबणारी लांब लाल पट्टी, ‘उड्डाणापूर्वी काढा’ असे लिहिलेली. इंजिनच्या हवेच्या तोंडांना फोमचे बोळे, नाहीतर पक्षी घरटे करतात. दोन्ही बोळे एकाच दोरीने बांधून ती पंख्यावरून घेतात, म्हणजे विसरायला जागा राहत नाही. विमान उभे राहिले की लगेच टोपण घालावे, संध्याकाळची वाट पाहू नये. नळीत तोंडाने फुंकू नये, तारही खुपसू नये. आतले यंत्र फार हळवे असते, ते काम मेकॅनिकचे. आणि धुताना पट्टी लावावीच लागली तर ती भडक रंगाची असावी, विमानाच्या रंगात मिसळणारी नको. पावसाळ्यात भिजलेले टोपण तसेच ठेवले तर ओल आतच राहते, म्हणून जवळ एक कोरडा जोड असू द्यावा.