गुणवत्ता हाताची, मान मात्र जातीचा

लातूर जिल्ह्याला गुणवत्तेचा मोठा अभिमान आहे. दहावी-बारावीच्या निकालांतून 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला आणि निलंगा, औसा, उदगीरकडच्या खेड्यांतले बाप कर्ज काढून मुलांना लातूरच्या शिकवणी वर्गांत धाडू लागले. त्या कष्टांविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु याच गुणवत्तेचे एक शस्त्रही झाले आहे. आरक्षणाचा विषय निघाला, की निलंग्याच्या चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बैठकीपर्यंत एक प्रश्न विजयी मुद्रेने विचारला जातो: खेळाच्या मैदानावर आरक्षण कुठे आहे? तिथे तर ज्याच्या अंगी गुण, तोच पुढे जातो ना?

या प्रश्नाचे उत्तर मैदानाने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. त्या उत्तराचे नाव पळवणकर बाळू.

१८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात बाळूंचा जन्म झाला. पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रोलर फिरवणे या कामावर ते लागले. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तिथे रोलर ओढण्याबरोबरच साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम आले. कॅप्टन ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला त्यांनी तासन् तास गोलंदाजी केली. त्या सरावातून डावखुऱ्या मंद गोलंदाजीची एक विलक्षण कला सिद्ध झाली. मात्र हातात बॅट घेण्याची संधी या नोकराला क्वचितच मिळाली. घाम गाळून चेंडू टाकायचा तो नोकराने. ऐटीत फटकावायचा तो साहेबाने. श्रमविभागणीचा हा नियम गिरणीत होता, शेतात होता आणि खेळातही होता.

बाळूंची कीर्ती पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबाची पंचाईत झाली. साहेबांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा. परंतु त्याला घ्यायचे तर विटाळाचे काय? तोड निघाली ती मोठी बोलकी आहे. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू हातात घेत. पण चहापानाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पान वेगळे. ज्या चेंडूसाठी ही सारी धडपड, तो चेंडू कातड्याचा! कातडे शिवणाऱ्याच्या हाताचा विटाळ होतो, कातड्याचा होत नाही आणि जिंकून मिळालेल्या सामन्याचा तर मुळीच होत नाही, असे हे धर्मशास्त्र होते.

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग कर्णधार होते आणि बहुतेक सामने त्यांच्यावाचूनच खेळले गेले. २३ सामन्यांपैकी १५ हरलेल्या त्या संघात एकट्या बाळूंनी ११४ बळी घेतले. पस्तिशीला आलेल्या या माणसाने एका दुबळ्या संघाचे ओझे उन्हाळाभर आपल्या डाव्या खांद्यावर वाहिले.

गुणवत्ता म्हणतात ती याहून निराळी काय असते? आता मैदानाच्या न्यायाचे पुरस्कर्ते सांगतील काय, की या गुणवत्तेला कर्णधारपद का मिळाले नाही? १९१० पासून पुढे दहा वर्षे हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी बाळूंचा विचार होणे स्वाभाविक होते; आणि दर वर्षी त्यांना डावलण्यात आले. यात विसंगती नाही. गोलंदाज हा काम करणारा असतो. कर्णधार हा हुकूम देणारा. काम दलिताकडून घेण्यास जातिव्यवस्थेची कधीच हरकत नव्हती. त्याचा हुकूम ऐकण्यास होती.

ही कोंडी फुटली ती कोणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे. १९२० साली, डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, माणगावची परिषद झाली आणि मुंबईत आयटकची स्थापना झाली, त्याच वर्षी हिंदू संघातून बाळूंना वगळण्यात आले. नियोजित कर्णधार पै आजारी पडल्यावर बाळूंचे बंधू विठ्ठल यांना डावलून देवधरांकडे नेतृत्व देण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा पळवणकर बंधूंनी संघातून माघार घेतली आणि पत्रक काढून कारणही जाहीर केले. हा संपच होता. त्याचा परिणाम असा झाला, की पुढच्या सामन्यासाठी दोघे बंधू परतले, ४४ वर्षांच्या बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही काळ संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. ११४ बळींनी जे घडले नाही, ते दोन माणसांच्या नकाराने घडले.

बाळूंचे सारेच राजकारण कार्यकर्त्यांना रुचेल असे नाही. स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात ते डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत आंबेडकरांविरुद्धच उभे केले. १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी ते पराभूत झाले. पण यातूनही प्रस्थापितांचा स्वभावच दिसतो. ज्या समाजाने त्यांना संघाचा नायक होऊ दिले नाही, त्याच समाजाच्या पुढाऱ्यांना दलितांच्या स्वतंत्र नेतृत्वाला शह देण्यासाठी तेच बाळू हवे झाले. राखीव जागांवरून निवडून येणारे पण मालकाच्या इशाऱ्याने चालणारे प्रतिनिधी आजही शोधले जातात, ते याच हिशोबाने.

हे केवळ हिंदुस्थानातच घडले, असेही नाही. अमेरिकेत बेसबॉलचा चेंडूफेक्या सॅचेल पेज हा आपल्या काळातला अव्वल खेळाडू. परंतु कातडीचा रंग काळा म्हणून मोठ्या लीगचे दार त्याला १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी उघडले. इंग्लंडमध्ये तर पैशासाठी खेळणारे 'प्लेअर' आणि हौसेने खेळणारे 'जंटलमन' हा भेद १९६२ पर्यंत रीतसर चालू होता. वर्ण, वंश, वर्ग यांपैकी नाव कोणतेही असो. मैदान समाजाबाहेर नसते.

म्हणूनच डॉ. लोहियांनी मागासांना शंभरात साठ जागा मागितल्या, तेव्हा त्यांनी विशेष संधीचा सिद्धान्त मांडला. संधी मिळाल्यावरच योग्यता वाढते, असे त्यांचे म्हणणे होते. लातूर पॅटर्न ज्या महाविद्यालयात वाढला त्याला नाव आहे राजर्षी शाहूंचे. १९०२ साली आपल्या संस्थानात पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणाऱ्या राजाचे नाव दारावर लावायचे आणि आत आरक्षणाच्या नावाने बोटे मोडायची, हा ढोंगीपणा जिल्ह्याला शोभत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि अंमल १९९४ मध्ये. मधल्या सोळा वर्षांत या भूमीत दलितांची घरे जळाली. प्रश्न त्याही वेळी गुणवत्तेचा नव्हता, मानाचा होता.

विठ्ठल पळवणकरांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. किती शाळांच्या ग्रंथालयांत ते सापडेल? पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला तालुक्या-तालुक्यांत क्रिकेटचे चषक ठेवले जातात, मोठमोठे फलक लागतात. एखादा चषक बाळूंच्या नावाने ठेवण्याचे कुणाला सुचत नाही. कार्यकर्त्यांनी निलंग्यापासून हे काम हाती घ्यावे. परंतु केवळ नाव देऊन थांबू नये. स्पर्धेच्या दिवशी पहाटे मैदान कोण झाडतो, खेळपट्टीवर रोलर कोण ओढतो, संघाचा कर्णधार कोणाचा मुलगा असतो आणि व्यासपीठावर चषक देणारा हात कोणाचा असतो, हे प्रश्न त्याच मैदानावर मोठ्याने विचारावेत. आणि उत्तरे मिळेपर्यंत पळवणकर बंधूंप्रमाणे नकार देण्याची तयारी ठेवावी.