मेण कोणते?

भद्रेश्वर तीर्थाच्या दर्शनास कच्छला जाणाऱ्या बंधुभगिनींनी मुंद्र्यासाठी एक दिवस राखून ठेवावा. तेथील खत्री कारागीर बाटिकची छपाई पाहुण्यांकडूनही करवून घेतात. ओल्या वाळूच्या थरावर कापड अंथरायचे आणि वितळलेल्या मेणात बुडवलेला लाकडी ठसा त्यावर उमटवायचा. मेण निवलेले असेल तर धाग्यांत उतरत नाही, फार तापले तर नक्षी पसरते. रंग मात्र थंडच हवा. मेणाखालचा भाग कोरा राहतो. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटून वर तरंगते व पुन्हा कढईत जाते. हिशेबी मनाला ही काटकसर सुखावते.

आपल्या मनात पहिली शंका येते ती मेणाचीच. पोळ्याचे मेण आपण हाताळावे काय? ठसा उचलण्यापूर्वी मी हेच विचारले. कारागीर म्हणाले, आम्ही पॅराफिन, म्हणजे खनिज मेण वापरतो. वाडवडील पिलूच्या बियांचे तेल वापरीत. जावा बेटावरील पारंपरिक बाटिकच्या मिश्रणात मात्र मधमाश्यांचे मेण असते. तेव्हा दुकानात बाटिक ठेवणाऱ्यांनी ‘हातकाम आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. भाव विचारण्याआधी मेण विचारावे.