मतं मागायला आले, की दवाखान्याचं विचारा

निवडणूक लागली, की धाराशिव जिल्ह्यात वाडी-वस्तीवरही गाड्यांची धूळ उडते. एरवी न दिसणारी माणसं हात जोडून दारात येतात. त्यांना बसवा, चहा द्या. आणि दवाखान्याचं विचारा.

'आरोग्यासाठी काय करणार?' असं मोघम विचारू नका. उत्तरही मोघमच मिळेल. गेल्या वर्षभरात घरात काय झालं, त्यावरून विचारा. बाळंतपणाला रात्रीतून सोलापूर का गाठावं लागलं? परंड्याच्या माणसाला बार्शीच का धरावी लागते? शेतात साप चावला, तर जवळच्या आरोग्य केंद्रात त्यावरचं इंजेक्शन आहे का? ते देणारे डॉक्टर रात्री मुक्कामी असतात का?

आधी घरातले कागद काढा. केसपेपर, औषधांच्या पावत्या, गाडीभाड्याचा आकडा. सरकारी दवाखान्यात 'बाहेरून आणा' म्हणून चिटोऱ्यावर औषध लिहून दिलं असेल, तर तो चिटोराही जपून ठेवा. मागे तारीख टाका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत केलेले आहेत. तुमच्या खिशातून पैसे का गेले, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आता कुणाला काय विचारायचं ते ठरवा. आपण फसतो ते इथंच. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते. सिस्टरची रिकामी जागा, नळाला नसलेलं पाणी, रात्री लागलेलं कुलूप, हे सगळं जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला विचारा. ग्रामीण रुग्णालय आणि धाराशिवचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय राज्याच्या अखत्यारीत येतात. तिथं आमदारकीच्या उमेदवाराला धरा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा मोठा वाटा दिल्लीहून येतो. त्याचं खासदारकीला उभ्या असलेल्याला विचारा. भलत्यालाच विचारलं, तर 'ते माझ्या हातात नाही' म्हणून तो मोकळा होतो.

नव्या इमारतीच्या आश्वासनावर भुलू नका. इमारतीवर नावाची पाटी लागते, म्हणून ती सगळ्याच पुढाऱ्यांना आवडते. तुम्ही माणसांचं विचारा. डॉक्टरांची पदं किती मंजूर? भरलेली किती? उरलेली कधी भरणार?

एकट्यानं विचारू नका. पारावर जमा, बचत गटाच्या बैठकीत बोला. बायकांनी पुढं व्हावं. लेकराचा ताप आणि सासूची शुगर त्यांनीच निभावलेली असते. दोन-तीन मागण्या एका कागदावर लिहा आणि येईल त्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराची त्यावर सही मागा. आचारसंहितेत प्रश्न विचारायला बंदी आहे, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आशाताईंना मात्र यात ओढू नका. त्या मानधनावर आहेत, त्यांची अडचण होईल. दवाखान्यातल्या सिस्टरवरही आवाज चढवू नका. रिकाम्या जागा तिनं ठेवलेल्या नाहीत.

हे जमेल का, अशी शंका घेऊ नका. 2007 मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या 5 जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याला चांगला, बरा, वाईट असे शेरे दिले. जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभं राहून तक्रारी मांडल्या. ती तुमच्या-आमच्यासारखीच माणसं होती.

मतासाठी कुणी नोट पुढं केली, तर एवढंच आठवा, की सोलापूरच्या एका फेरीचं गाडीभाडंही तिच्यात भागत नाही.

निकाल लागला, की तो सह्यांचा कागद घेऊन पुढच्या ग्रामसभेला जा. मागण्यांचा ठराव करा. तो प्रोसिडिंग बुकात लिहिल्याशिवाय उठू नका, आणि ग्रामपंचायतीकडून त्याची नक्कल मागून घ्या.