चढावरची ट्रॉली : उणीव अश्वशक्तीची की वाटेची ?

दसरा-दिवाळी उलटून उसाची तोड सुरू झाली की गावोगावच्या पाणंदी जाग्या होतात. शेतातून निघालेली भरली ट्रॉली ओल्या सरीतून, पाणंदीतून वाट काढीत डांबरी सडकेपाशी येते आणि सडकेवर चढण्याच्या शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत अडते. चाके जागच्या जागी फिरतात, वाट खोल उकरली जाते, ट्रॅक्टरचे तोंड उचलू लागते. मग चार माणसे पुढच्या बाजूस लोंबकळतात, दोघे मागच्या चाकांशी दगड घेऊन उभे राहतात आणि चालक मागे जाऊन वेगाने धाव घेतो. गाडी वर आली की चालकाच्या धाडसाची वाहवा होते. न आल्यास ‘ट्रॅक्टर कमी ताकदीचा आहे, मोठा घ्यावयास हवा’ असा निकाल दिला जातो.

ही वाहवा आणि हा निकाल, दोन्ही चुकीचे आहेत. बहुतेक ठिकाणी उणीव ट्रॅक्टरची नसून चढाची असते, आणि चढ सुधारणे हे गावाच्या हातचे काम आहे. मोठ्या यंत्रासाठी कर्ज काढण्यापूर्वी वाटेचा उतार मोजावा, हे साधे तत्त्व गावकऱ्यांच्या मनावर ठसविणे अगत्याचे झाले आहे.

ताकद असते, पकड नसते

या विधानाची सत्यता थोड्या हिशोबाने पटेल. सुमारे ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. त्यामागे दोन टनांची ट्रॉली व तीत सहा टन ऊस धरल्यास एकूण भार दहा टन होतो. वाट ८ ला १ अशी चढत असेल, म्हणजे आठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जात असेल, तर केवळ चढामुळे सुमारे १,२५० किलो ओढ लागते. कच्च्या वाटेवर चाके रुततात, त्यासाठी आणखी ५०० किलो धरावे लागतात. म्हणजे एकूण ओढ सुमारे १,७५० किलो झाली.

ताशी ३ किलोमीटर वेगाने एवढी ओढ देण्यास जेमतेम २० अश्वशक्ती पुरते. ४५ अश्वशक्तीच्या यंत्राजवळ ती खचित असते. मग गाडी अडते का ? कारण यंत्राची ताकद जमिनीला पोचते ती मागच्या दोन चाकांच्या पकडीतून. ओढताना मागे वळणारा भार धरला तरी त्या चाकांवर साधारण दीड टन वजन येते. कोरड्या कच्च्या वाटेवर पकड त्या वजनाच्या साधारण सहा-दशांश, म्हणजे ९०० किलोच्या घरात असते. वाट ओली किंवा भुसभुशीत झाली की ती याहून पुष्कळ कमी होते. जेथे १,७५० किलो ओढ हवी तेथे ९०० किलोची पकड कशी पुरणार ? उरलेली तूट भरून काढण्यासाठी चालक धाव घेतो. धाव चुकली की गाडी मध्येच थांबते, आणि धोक्यास खरा आरंभ तेथून होतो.

आता तीच वाट २० ला १ अशी केली व मुरूम टाकून दाबून घेतली, तर चढाची ओढ ५०० किलोवर आणि चाकांची ओढ सुमारे ३०० किलोवर येते. एकूण ८०० किलो. दाबलेल्या कोरड्या मुरुमावर पकड मात्र एक टनाच्या आसपास मिळते. तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली, तोच चालक, पण गाडी धाव न घेता, आरडाओरड न होता शांतपणे वर येते. फरक पडला तो वाटेमुळे.

जुन्या अनुभवाची साक्ष

चढाचे हे गणित महाराष्ट्राला नवे नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचे चाक, म्हणून रुतण्याचा प्रश्न नव्हता. तरीही त्या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ एवढाच ठेवावा लागला, आणि आजही कर्जत-लोणावळा टप्प्यात अनेक गाड्यांना मागून जोड इंजिने लावावी लागतात. ग्रामीण रस्त्यांच्या बांधणीतही सपाट मुलखात सामान्यतः ३० ला १ व फार तर २० ला १ हीच मर्यादा पाळण्याचा नियम आहे. रस्त्याला जो नियम, तो रस्त्यावर चढणाऱ्या पाणंदीच्या तोंडाला नको, असे मानण्यास काही आधार नाही.

गाडीवानांनाही हे ठाऊक होते. चढ आला की ते पुढे जादा जोडी जुंपीत, नाही तर निम्मे ओझे खाली उतरवून दोन खेपा करीत. गाडीत ओझे मागे झाले की ती उलाळते आणि जू वर उचलले जाते, पुढे झाले की बैलांच्या मानेवर बसते, हे ज्ञान प्रत्येक घरात होते. ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलते ते याच न्यायाने. बैल मात्र थकले की थांबत. यंत्र थांबत नाही, आणि म्हणून यंत्राच्या मालकाला बैलाच्या मालकाहून अधिक विचार करावा लागतो.

चढ इतका उभा का झाला ?

पुष्कळ गावांत असे सांगितले जाते की पूर्वी येथे गाड्या सहज चढत. ते खोटे नाही. सडकेवर दर काही वर्षांनी खडी-डांबराचे नवे थर पडतात, पूर येणाऱ्या भागात भराव उंच केला जातो, आणि सडक वर वर जाते. नदीकाठची मळईची रानी व काळ्या जमिनी मात्र होत्या तेथेच राहतात. पाणंदीच्या तोंडाशी जो उतार पूर्वी हाताच्या पंज्यासारखा पसरट होता, तो आता उभा झाला आहे. त्यातच शेजारची बांधकोर दरवर्षी थोडी थोडी आत सरकते. उंची वाढली, लांबी घटली, म्हणून चढ तीव्र झाला. यास कोणी एक मनुष्य जबाबदार नाही. पण तो दुरुस्त करण्याची जबाबदारी मात्र त्या वाटेने जाणाऱ्या सर्वांची आहे.

यावर आक्षेप येतो तो जागेचा. दीड मीटर उंच सडकेवर ८ ला १ या चढाने जाण्यास १२ मीटर लांबी पुरते, २० ला १ साठी ३० मीटर लागते. ‘एवढी जागा द्यावयाची कोणी ?’ असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही आकड्यांतच द्यावे. चार मीटर रुंदीचा हा चढ, दोन्ही बाजूंचे उतार आणि माथ्याची पाच मीटर सपाटी धरून, आजच्यापेक्षा सुमारे दीड गुंठा जागा अधिक घेईल. एकरी ४० टन उताऱ्याच्या जमिनीत गुंठ्याला एक टन ऊस येतो. म्हणजे भांडण आहे ते वर्षाकाठी दीड टन उसाचे. एक ट्रॉली उलटली तर एका खेपेत याच्या चौपट माल मातीत जातो. शिवाय माणसाचा जीव गेला तर त्याचा हिशोब कोणत्याच वहीत मांडता येत नाही. चढ सडकेच्या भरावाला लागून तिरपा नेला तर जागा याहूनही कमी लागते. ज्याची जमीन जाते त्या एकट्यावर भार न टाकता वाटेच्या सर्व वापरकऱ्यांनी त्याला वर्षाचा मोबदला द्यावा, हे न्यायाला धरून होईल.

भरावासाठी चाळीस ते पंचेचाळीस ब्रास माल लागेल. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास मुरूम मावतो. पाणंदीवर वीस खातेदार असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास दोन-सव्वादोन खेपा येतात. हे ओझे कोणाला न पेलणारे नाही.

काम कसे व्हावे

भरावास काळी माती मुळीच वापरू नये. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि पहिल्याच पावसात चाकाखाली लोण्यासारखी होते. मुरूम पंधरा-वीस सेंटीमीटरांच्या थरांनी टाकावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रूळ फिरवावा. सडकेच्या कडेच्या चराचे पाणी अडू नये म्हणून भरावाखालून योग्य मापाचा सिमेंटचा नळ घालावा. ज्या ठिकाणी हा नळ नसतो तेथे चढ एका पावसाळ्यात वाहून जातो आणि दोष मात्र मुरुमाला दिला जातो. सडक ज्या खात्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी आधी घ्यावी.

माथ्यावरची सपाटी ही चैन नव्हे. सडकेवरून वाहन येत असले की ट्रॉलीला थांबावेच लागते. चढावर थांबलेली भरली ट्रॉली पुन्हा हलविणे हे सर्वांत कठीण व सर्वांत धोक्याचे काम. निदान ट्रॅक्टरची चारही चाके सपाटीवर उभी राहतील एवढी जागा माथ्यावर हवीच.

गळीत संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, हे काम हाती घ्यावे. पावसाळ्यात भराव बसतो, आणि दसऱ्याच्या सुमारास खचलेल्या जागी थोडा मुरूम टाकला की वाट हंगामास सज्ज होते.

वाटेवरून वाद असल्यास त्यालाही मार्ग आहे. असलेली वाट अडविली गेल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली, आणि बांधावरून वाट हवी असल्यास १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जाता येते. शेत व पाणंद रस्त्यांसाठी रोजगार हमीच्या कामांची सांगड घालणारी मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही शासनाने २०२१ मध्ये जाहीर केली. तथापि कज्ज्यापेक्षा समजूत केव्हाही स्वस्त, हे विसरू नये.

वाट सुधारेपर्यंत

काम होईपर्यंत उभ्या चढावर काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. दोन ट्रॉल्या जोडून चढ चढू नये, एकेक वर आणावी आणि सडकेकडेच्या सपाट जागी जोडावी. निम्मा ऊस घेऊन वर यावे व उरलेला दुसऱ्या खेपेस आणावा. वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो म्हणून ओझे वाढविण्याचा मोह होतो, पण एका फसलेल्या गाडीने दिवस बुडतो हेही हिशोबात धरावे. पायथ्याशीच हलका गिअर टाकावा आणि मध्ये तो बदलू नये. साखळी किंवा दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यालाच लावावा. तो वर, आसाच्या पातळीपेक्षा उंच बांधल्यास पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटतो, आणि हे इतक्या झटक्यात घडते की उडी मारण्यासही अवसर मिळत नाही. ट्रॅक्टरचे तोंड दाबून धरण्यासाठी माणसे बसविणे हा निव्वळ अविचार होय. त्यासाठी लोखंडी वजने मिळतात, ती लावावी. मागच्या टायरांत पाणी भरल्यास पकड वाढते. उतरताना दोन्ही ब्रेक जोडपट्टीने एकत्र करावे, ज्या गिअरने चढ चढला असता त्याच गिअरने उतरावे, आणि गाडी कधीही मोकळी सोडू नये.

चाकामागे लावण्यास लाकडी उटी गाडीतच बाळगावी. वाटेतला दगड लावून काम भागते खरे, पण तो तेथेच टाकून गाडी निघून जाते आणि रात्री येणारा दुचाकीस्वार त्यावर आदळतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगणे प्राप्त आहे. उसाच्या भाऱ्यांवर तोडणी कामगारांच्या बायका व मुले बसलेली असतात. ती परगावची, पहाटेपासून राबलेली माणसे. तळावर परतण्यास दुसरे साधन नसते म्हणून ती वर बसतात. गाडी चढावर अडली व मागे घसरली तर प्रथम बळी जातो त्यांचा. चढापूर्वी प्रत्येक माणसाला खाली उतरवावे, आणि गाडीच्या मागे कोणालाही उभे राहू देऊ नये. हा नियम मोडणाऱ्या चालकाची गाडी शेतकऱ्याने स्वतः थांबवावी. ऊस त्याचा आहे आणि वाट त्याची आहे, तेव्हा हा अधिकारही त्याचा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदाच्या हंगामात एक काम अवश्य करावे. आपल्या गावच्या प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी जाऊन सडकेची उंची आणि चढाची लांबी टेपने मोजावी, व तो आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. ‘ट्रॅक्टर अडतो’ या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. ‘चढ ८ ला १ आहे, तो २० ला १ करण्यास प्रत्येकी दोन-सव्वादोन खेपा मुरूम हवा’ असे म्हटले म्हणजे ग्रामसभेला काम सापडते. लाखो रुपयांची यंत्रे गावात आली, त्यांच्यासाठी कर्जे निघाली. त्या यंत्रांना चालण्याजोगी तीस मीटर वाट देणे हे त्यामानाने फारच थोडे आहे, आणि ते आता लांबणीवर टाकू नये.