विश्लेषण : ‘अमुक हजारांत परदेश’… सिन्नरहून निघाल्यास खरा खर्च किती?

मे महिन्याची सुट्टी लागली की मोबाइलवर स्वस्त परदेश सहलींच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. पण जाहिरातीतला आकडा आणि घरी परतेपर्यंत खिशातून गेलेली रक्कम यांत बरेच अंतर असते. व्हिसा, कर, चलनबदल आणि विमानतळापर्यंतचा प्रवास यांनी ते वाढते. सिन्नरच्या चौघांच्या कुटुंबाने हा हिशेब कसा मांडावा?

विमान कुठून पकडावे?

ओझर आणि शिर्डी विमानतळ जवळचे असले, तरी तिथली नियमित प्रवासी उड्डाणे देशांतर्गतच आहेत. त्यामुळे पर्याय मुंबई किंवा पुण्याचा. दोन्ही शहरे साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरवर. मुंबईहून पर्याय अधिक. पण बँकॉक, दुबईला पुण्याहूनही थेट विमान आहे. तिकिटांची तुलना करताना गाडीभाडे, टोल धरा. पहाटेच्या स्वस्त विमानासाठी आदल्या रात्री हॉटेल घ्यावे लागले, तर बचत तिथेच संपते. अनेक स्वस्त तिकिटांत फक्त हातातले सात किलो सामान धरलेले असते, हेही तपासा.

व्हिसाचा खर्च किती?

खर्चातला सर्वात मोठा फरक इथे पडतो. थायलंड आणि मलेशियात २०२५ मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसा लागत नव्हता; मलेशियाची सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. दोन्हीकडे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावे लागते. थायलंडने ते १ मे २०२५ पासून सक्तीचे केले आहे. ते मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे. व्हिएतनामचा एकवेळ प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो. भूतानमध्ये भारतीय प्रौढाला दर रात्री १,२०० रुपये शुल्क पडते. नेपाळला मतदार ओळखपत्र चालते.

याउलट युरोपच्या शेंगेन व्हिसाला प्रौढांना ९० आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो लागतात. आई-वडील आणि दोन मुले मिळून २७० युरो, म्हणजे २०२५ च्या दराने सुमारे २५ हजार रुपये. केंद्राचे सेवाशुल्क आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा वेगळा. व्हिसा नाकारला गेला, तरी शुल्क परत मिळत नाही.

टीसीएसचे पैसे परत मिळतात का?

मिळतात, पण मागावे लागतात. २०२५-२६ मध्ये परदेशी टूर पॅकेजवर कंपनी वर्षाला १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के टीसीएस कापत असे. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती. म्हणजे ३ लाखांच्या पॅकेजवर १५ हजार रुपये. हा तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ कर आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, म्हणून रिटर्न भरलेच नाही, तर कापलेली रक्कम सरकारकडेच राहील. माळेगाव, मुसळगाव औद्योगिक वसाहतींतील पगारदारांना २०२५ मध्ये आणखी एक सोय होती : फॉर्म १२बीएए कंपनीला दिल्यास ही रक्कम पगारातून कापल्या जाणाऱ्या टीडीएसमध्ये वळती होत असे. फक्त विमान तिकीट किंवा फक्त हॉटेल घेतल्यास ते पॅकेज ठरत नाही आणि टीसीएसही लागत नाही.

परदेशात पैसे कसे खर्च करावेत?

विमानतळावर नोटा बदलणे सहसा सर्वात महाग. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातील व्यवहाराला २ ते ३.५ टक्के जादा आकार असतो; फॉरेक्स कार्डावर दर आधीच ठरवता येतो. दुकानदाराने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असे विचारले तर स्थानिक चलनच निवडा. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्यात दर वाईट मिळतो.

फसवणूक कशी टाळावी?

पैसे कंपनीच्या बँक खात्यातच भरा आणि जीएसटी बिल घ्या. तिकिटाचा पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. रद्द केल्यास किती पैसे परत मिळणार, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी मागा.

मग जायचे कधी?

२०२५ मध्ये राज्यातील शाळा १६ जूनला, विदर्भात २३ जूनला सुरू झाल्या. तोवर सगळेच बाहेर पडतात आणि भाडे चढे राहते. मेमध्ये थायलंडला पावसाळाही सुरू होतो. हॉटेले स्वस्त मिळतात, पण फुकेतच्या बाजूला समुद्र खवळल्यास बोटसफरी रद्द होतात. मुलांच्या शाळेमुळे जूननंतर जमत नसेल, तर घाईने महाग तिकीट काढण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीचे नियोजन आत्ताच करा. पहिले काम पासपोर्टचे. अर्ज ऑनलाइन, प्रत्यक्ष पडताळणी नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात. ३६ पानी पासपोर्टला साधे शुल्क १,५०० रुपये, तत्काळला ३,५००. पासपोर्ट जुना असेल तर तारीख पाहा : अनेक देशांना प्रवेशावेळी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. ती नसेल, तर विमानात बसण्याआधीच परत फिरावे लागू शकते आणि तिकिटाचे पैसेही बुडू शकतात.