निदानाआधी औषध नको

इंदूरच्या माझ्या दवाखान्यातील संगणक २०११ सालचा. पुण्यात प्रशिक्षण घेणाऱ्या माझ्या मुलीने दुर्बिणीद्वारे केलेल्या आपल्या पहिल्या स्वतंत्र शस्त्रक्रियेची चित्रफीत, रुग्णाच्या संमतीने, मला पाठविली. ती पाहू लागलो, तर आवाज पुढे आणि चित्र मागे अडखळत! दुरुस्तीवाल्याने यंत्राला हातही न लावता निकाल दिला, “डॉक्टरसाहेब, वय झाले याचे. नवा घ्या.”

मी मात्र आपली जुनीच रीत धरली. आधी पंख्यावरची धूळ काढली. कारण यंत्र फार तापले की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. फरक पडला नाही. मग एक जुनी चित्रफीत लावली; ती सुरळीत चालली. म्हणजे दोष सर्वांगाचा नव्हता. नवी लावताच टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरवरील भार १०० टक्के दिसला. ती एच. २६५ पद्धतीची होती. ही पद्धत २०१३ सालची. माझ्या जुन्या ग्राफिक्समध्ये ती उलगडण्याची सोय नाही, त्यामुळे सारे ओझे प्रोसेसरवर पडत होते. हँडब्रेक या मोफत प्रणालीने तिचे एच. २६४ मध्ये रूपांतर केले आणि लेकीच्या हातातील उपकरणे स्थिर दिसू लागली.

वयाकडे बोट दाखविले की निदानाचे कष्ट वाचतात. “आता वय झाले, आजोबा” असे मीही अनेकदा म्हटले आहे. त्यांतील किती जणांना मी खरोखर तपासले होते, हा प्रश्न त्या रात्रीपासून मला सोडीत नाही.