समुद्रात बुडी मारण्यापूर्वीचा कागद

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या साठीपुढच्या मंडळींच्या हातात एक नवा कागद दिसू लागला आहे. तो विम्याचा नसतो, पेन्शनचा नसतो, अमरनाथ यात्रेच्या प्रमाणपत्राचाही नसतो. समुद्राखाली स्कूबाची बुडी मारण्यास ही व्यक्ती प्रकृतीने योग्य आहे का, हे डॉक्टरांनी लिहून द्यावयाचा तो अर्ज असतो. मुले-नातवंडे मालवणला नेतात, काही जण त्याहूनही पुढे मालदीवला नेतात. तेथे आठवडाभर बोटीवरच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे, झोपावयाचे आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरून शार्क व मांटा जातीची प्रचंड पाकटे पाहावयाची, अशी ही सहल असते. किनाऱ्यापासून दूर फिरणारे हे जीव एका जागी मिळत नाहीत, म्हणून मुक्काम बोटीवर. आपल्याकडेही विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेला ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला प्रवाळी पठारभाग आहे. तेथे जावयाचे तर बोटीवर रात्र काढण्यावाचून गत्यंतर नाही.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शार्क काही करणार नाही ना? आपण कोल्हापूरकर शार्कला ओळखतो ते मालवणी खानावळीतील ‘मोरी’ म्हणून, आणि उरलेली ओळख इंग्रजी चित्रपटांनी करून दिलेली. जगभरात शार्कच्या विनाकारण हल्ल्यांत दरवर्षी साधारण पाच ते दहा माणसे दगावतात. लोक ज्याच्यासाठी एवढा प्रवास करतात तो व्हेल शार्क तर जगातील सर्वांत मोठा मासा असूनही सूक्ष्म प्लवकांवर जगतो. भारतात त्याला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा काळजी त्याने आपली करावी की आपण त्याची, हा प्रश्नच आहे. पाणबुड्यांच्या मृत्यूंत मोठा वाटा असतो तो हृदयविकाराचा, आणि विशेषतः पन्नाशीपुढच्यांत. म्हणून माझे लक्ष माशाकडे नसते, रुग्णाच्या गोळ्यांच्या डबीकडे असते.

पाण्यात गळ्यापर्यंत उतरताच पायांतील रक्त छातीकडे सरकते. सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त अचानक हृदय व फुफ्फुसांच्या वाट्याला येते. तरुण हृदय ते सहज पेलते. दीर्घकाळ रक्तदाब असलेले, थोडे ताठर झालेले हृदय मात्र गांगरते आणि क्वचित फुफ्फुसांत पाणी झिरपू लागते. खोकला, धाप, तोंडाला गुलाबी फेस ही त्याची लक्षणे होत. हे केवळ खोलवर होते असे नाही. मुखवटा व नळी लावून पृष्ठभागावर पोहणाऱ्या ज्येष्ठांनाही होऊ शकते. ‘मी वरच्यावर राहतो, मला काय होणार’ हा समज म्हणून सोडून द्यावा. पाण्यात असताना नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर तत्क्षणी बाहेर यावे. शरीराला हे छातीकडे आलेले रक्त जास्तीचे पाणी वाटते व लघवी वाढते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातील पाणी कमी होऊन चक्कर येते.

कानाचे गणित कोल्हापूरकरांना समजावणे सोपे आहे. गगनबावड्याहून घाट उतरताना कानाला दडे बसतात, आपण आवंढा गिळतो, कान मोकळे होतात. सुमारे सहाशे मीटरचा घाट उतरून हवेचा जेवढा दाब वाढतो, तेवढा समुद्रात कमरेइतक्या पाण्यातच वाढतो. दहा मीटर खोलीवर तर एकूण दाब दुप्पट होतो. म्हणून मालवणची ‘नुसती तीस फुटांची’ बुडी क्षुल्लक मानू नये. दाबातील सर्वांत मोठा सापेक्ष बदल याच पहिल्या दहा मीटरांत असतो. तेथून श्वास रोखून वर आल्यास फुफ्फुसातील हवा दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकते. श्वास कधीही रोखू नये, हा स्कूबाचा पहिला नियम त्यामुळेच. जुन्या क्षयरोगाने फुफ्फुसात पोकळी वा फुगा राहिलेल्यांना, पूर्वी छातीत हवा भरलेल्यांना, दमा अनियंत्रित असलेल्यांना मी अर्जावर सही देत नाही. आपल्या पिढीत क्षयरोग होऊन गेलेले पुष्कळ आहेत आणि तो ‘बरा झाला’ म्हणून सांगावयाचा राहून जातो. कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, काचबिंदूची शस्त्रक्रिया, नुकताच काढलेला मोतीबिंदू यांबाबत त्या त्या तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

अर्जात पंचेचाळिशीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घराण्यातील हृदयविकार. एकाही प्रश्नाला ‘होय’ असेल तर डॉक्टरांची तपासणी आलीच. होते असे, की किनाऱ्यावर घाईत कोणी तरी पेन पुढे करतो आणि सगळीकडे ‘नाही’वर खूण होते. सोबतच्या मुलामुलींना माझी विनंती आहे, की हा अर्ज घरी, औषधांच्या चिठ्ठ्या समोर ठेवून भरावा.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त प्राध्यापक, वय अडुसष्ट, मधुमेह व रक्तदाब असलेले, मालदीवच्या बोटीचा अर्ज घेऊन आले. रोज रंकाळ्याला फेरी मारतो, हे त्यांचे प्रमाणपत्र. परंतु संथ फेरी ही याची कसोटी नव्हे. वीस किलोंहून अधिक ओझे पाठीवर घेऊन हलत्या शिडीने बोटीवर चढावे लागते, प्रवाहाविरुद्ध जोर लावून पोहावे लागते. ट्रेडमिल तपासणीत हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडत असल्याचे दिसले आणि मी सही नाकारली. “डॉक्टर, तुम्ही नाही केलीत तर दुसरा कोणी करेल,” असे म्हणून सर उठून गेले. ते म्हणाले ते खोटे नव्हते. पण रागाच्या भरात का होईना, ते हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले, औषधे सुरू झाली आणि त्यांच्या संमतीने काही महिन्यांनी सहलीला गेलेही, पाण्यात न उतरण्याच्या अटीवर. व्हेल शार्क शोधण्याचे काम बोटीच्या छतावरून चालते; खलाशांबरोबर बसून सरांनी दोन दिवस पाणी न्याहाळले आणि निळ्यातील ती करडी सावली बोटीवरील इतर कोणाआधी त्यांना दिसली. परत आल्यावर त्यांनी मला बोटीवरचा फोटो दाखवला, माशाचा नव्हे, स्वतःच्या जाकिटाचा, कारण जाकीट घालण्यावरून आमचा वाद झाला होता.

उलट, एकाहत्तर वर्षांच्या एका आजींची तपासणी निर्दोष आल्यावर मी आनंदाने सही केली. नातीसोबत तारकर्लीला त्यांनी बुडी मारली. वय हा अडथळा नाही. वयाबरोबर साचलेले आजार व ते लपवणे हा अडथळा आहे.

बोटीवर राहणाऱ्यांनी औषधांचे नियोजन आधी करावे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, समुद्र लागल्याने उलट्या होऊन जेवण राहिले तर साखर खाली जाते. उलटीसाठी एसटीत घेतो ती अ‍ॅव्होमिन गुंगी आणते, आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडवू शकते. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची धाप सोसण्याची क्षमता मर्यादित असते. रात्री लघवीला उठताना डुलत्या बोटीत पडणे, हा ज्येष्ठांचा खरा धोका. खाटेजवळ विजेरी ठेवावी, एकट्याने उठू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला, हे विसरू नये. बोटीत बसताच जाकीट अंगात हवे, पायाखाली नव्हे. प्रवासी विम्यात स्कूबा समाविष्ट आहे का, बोटीवर ऑक्सिजन आहे का, जवळचा दाबकक्ष किती तासांवर आहे, हे निघण्याआधी विचारावे.

परतीचा घाट कोणी विचारात घेत नाही. खोल पाण्यात रक्तात व ऊतींत विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो; तो बाहेर पडण्याआधी उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरता, क्वचित लकवा होऊ शकतो. विमानाबाबतचा प्रचलित नियम असा, की एकाच बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे. हे नियम साधारण ६०० मीटरपासून पुढच्या उंचीला लावले जातात. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, खुद्द कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. मालवणच्या उथळ, थोडक्या वेळाच्या बुडीनंतर हा धोका अगदी कमी असतो, तरी ज्येष्ठांनी तो विकत घेण्याचे कारण नाही. सोमवारी घरी काम असेल, तर बुडी शनिवारी सकाळी उरकावी, रात्र मालवणात काढावी, भरपूर पाणी प्यावे आणि रविवारी दुपारी घाट चढावा.